साडेपाच विती

फिजिक्सची पदवी हातात पडल्यापासून अनुष्काला ‘साधारण’ हा शब्द सहन होत नसे. तिचा तारोडीचा गुणवंतमामा मात्र सगळंच साधारण मोजायचा. त्याच्या छोट्या ट्रॅक्टरची रुंदी तिने विचारली, तेव्हा त्याने मागची चाकं हाताने मापली आणि फोनवर सांगितलं, साडेपाच विती.

ट्रॅक्टर न्यायचा होता पेणजवळ, केसरमावशीकडे. तिचं भात कापून झालं होतं. जमिनीत ओल होती तोवर नांगरून वाल पेरायचे होते. आणखी दोन दिवस गेले की माती दगड होणार, आणि यंदाचे वाल विसरायचे. गाडी ठरवायचं काम अनुष्काने भाईंदरहून हौसेने अंगावर घेतलं होतं.

मामाच्या विती कुठल्या कारखान्यात तपासून घेतल्या, असं विचारून ती भरपूर हसली आणि तिने ट्रॅक्टरची पुस्तिका काढली. मागच्या चाकांमधलं अंतर अडतीस इंच. घोडबंदरच्या जितेशचा ट्रेलर होडी नेण्यासाठी बनवलेला. त्याच्या दोन बाजूंना पक्के जोडलेले पाइप होते आणि पाइपांच्या आत बेचाळीस इंच जागा होती. चार इंच शिल्लक. तिने त्याला तारोडीला बोलावलं आणि स्वतःही टेप घेऊन पोचली.

ट्रॅक्टर फळ्यांवरून चढू लागला. पुढची चाकं अरुंद, ती सहज आत गेली. मागची दोन्ही पाइपांना धडकून थांबली.

जितेशने घड्याळ पाहिलं. दुपारी त्याला वरसाव्याहून एक होडी उचलायची होती, म्हणून तो ट्रॅक्टर इथेच सोडून रिकामा जाईन म्हणत होता. अनुष्काने पुस्तिका पुन्हा उघडली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अडतीस इंच हे एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत होते. आठ इंची टायरचा बाहेरचा अर्धा भाग दोन्हीकडे तिने धरलाच नव्हता. बाहेरून बाहेर शेहेचाळीस.

मामाने सावकाश चाकांवर वीत टाकली, मग ट्रेलरमध्ये टाकली.

“ह्यो पाच. त्यो साडेपाच,” तो म्हणाला. “पदवी न्हाय माज्या हाताला, पर बरोबर हाय.”

जितेश हसला, आणि हसू आल्यामुळे थांबलाही. एक तास देतो, म्हणाला.

अनुष्का चाकाजवळ उकिडवी बसली. चाकाची मधली तबकडी बशीसारखी खोलगट होती, आणि तिची फुगीर बाजू आतल्या अंगाला होती. ती बाहेर आली तर टायर आत सरकेल. दोन्ही मिळून सहा इंच तरी. मामाला पटलं. त्याने ट्रॅक्टर फळ्यांवरून जमिनीवर उतरवला, जॅक लावला, खाली ओंडके सरकवले, नट सैल केले आणि चाक तिथल्या तिथेच उलटं करायला घेतलं.

“मामा, थांब. तसं केलंस तर टायरवरचे तिरके दात उलटे होतील. चिखलात पकड धरणार नाहीत.”

“मग?”

“डावं चाक उजवीकडे लाव, उजवं डावीकडे. पण तोंड फिरवायचं नाही. सरळ उचलून नेल्यासारखं.”

मामाने दोन्ही हातांचे तळवे समोर धरले आणि ते एकमेकांच्या जागी नेऊन पाहिले. दोनदा पाहिले. मग पान्याच्या टोकाने तिच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारली. ह्याच्यासाठी शिकवली तुला, असं त्याचं म्हणणं होतं. आधीचं गणित त्याने माफ केलं होतं, विसरला मात्र नव्हता.

पन्नास मिनिटांनी ट्रॅक्टर आत बसला. बाहेरून बाहेर चाळीस इंच. दोन्हीकडे एकेक इंच मोकळा. तिने टेपने मोजलं, मामाने अंगठा घालून.

ट्रेलर घोडबंदरच्या दिशेने वळला तोच केसरमावशीचा फोन आला. शेताच्या कुंपणात ट्रॅक्टरसाठी वाट पाडायची होती, किती रुंद पाडू? अनुष्काने टेपकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं.

“मावशी, आधी सांग,” ती म्हणाली, “तुझी वीत मामाच्या वितीपेक्षा केवढी लहान?”