डोक्यावरची हिरवी पुडी

मित्रांनो, गातो मी आणि नाव होते भोंग्यांचे! आमचा निळा टेम्पो रस्त्याने निघाला की सगळे टपावरच्या भोंग्यांकडे बघतात. सीटच्या मागे, प्लायवुडच्या कपाटात मी अंग चोरून बसलेला असतो, हे कुणाच्या गावीही नसते. मी गाडीतला एक जुना अँप्लिफायर आहे. इवलासा आवाज माझ्याकडे येतो आणि मी तो गावभर ऐकू जाईल एवढा मोठा करून भोंग्यांच्या हवाली करतो. सारा जन्म दुसऱ्यांचा आवाज चढवण्यात गेला, म्हणून आज थोडे स्वतःबद्दल बोलून घेतो.

माझा जन्म ताओयुआन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायका गप्पा मारता मारता माझ्या पोटातला एकेक भाग कथिलाच्या टाक्याने जोडत होत्या. माझ्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या बसवल्या गेल्या. त्या शोभेच्या नाहीत बरे का! काम करताना मी तापतो आणि माझी उष्णता त्या पट्ट्यांमधून हवेत निघून जाते. एवढे ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरूनच घडले.

माझा पहिला मालक हौशी तरुण होता. त्याने मला आपल्या मोटारीच्या डिकीत बसवले. सिग्नलला गाडी थांबली की माझ्या दणक्याने शेजारच्या गाड्यांच्या काचा थरथरायच्या आणि मला फार अभिमान वाटायचा. पुढे त्याचे लग्न ठरले. नवरी म्हणाली, “एक तर मी, नाही तर तो डबा.” माझा नंबर लागला नाही हे सांगायला नकोच.

तिथून मी आलो चुईवेईला, समुद्रकाठच्या कालवांच्या गावी. बुन-खिंग नावाच्या कालवंवाल्याने मला जुन्या बाजारातून उचलले. तो आपल्या निळ्या टेम्पोतून गावोगाव फिरून कालवं विकतो. “कालवं आली हो, आजच सोललेली, गुबगुबीत कालवं!” ही त्याचीच आरोळी मी वाजवायचो आणि बायका वाडगी घेऊन धावत बाहेर यायच्या. एकदा एक आजी म्हणाल्या, “आवाज ऐकूनच कालवं घातलेल्या ऑम्लेटचा वास येतो बघ.” मला खायला तोंड नाही, पण त्या दिवशी माझे पोट भरले.

संध्याकाळी माझे दुसरे काम असे. बुन-खिंगची बायको सिऊलान गावातल्या बायकांच्या पंखा-नाचाची म्होरकी आहे. देवळासमोरच्या अंगणात टेम्पो उभा करायचा, गाणे लावायचे आणि गुलाबी पंखे घेऊन सगळ्यांनी नाचायचे. त्यातल्या बऱ्याच जणी आजी झालेल्या. गुडघे कुरकुरायचे, पण गाणे सुरू झाले की कुरकुर कुणाला ऐकू येणार? मी होतो ना तिथे!

आता त्या पुडीकडे येतो. आमच्याकडे यंत्राने नीट चालावे म्हणून त्याच्यावर एका खाऊची पुडी ठेवतात. त्या खाऊचे नावच ‘शहाण्यासारखा वाग’ अशा अर्थाचे आहे. पुडी हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळे ठीक. तिची तारीख उलटलेली चालत नाही आणि ती फोडून खाल्ली तर संपलेच. कचेरीतल्या संगणकावर, दवाखान्यातल्या मोठमोठ्या यंत्रांवर ती दिसते. बुन-खिंगनेही मला घरी आणल्या दिवशीच मोठ्या मायेने पुडी आणली आणि माझ्या पाठीवर, अगदी त्या पट्ट्यांवर, आडवी ठेवली.

कालवांची आरोळी छोटी असते. ती वाजवताना मला घाम फुटत नाही. नाचाचे गाणे मात्र लांबलचक आणि ढोलांनी भरलेले. गेल्या वर्षी दर्यावर्दींची राखण करणाऱ्या माझू देवीच्या मिरवणुकीत पालखी आमच्या चौकात आली, बायकांनी पंखे उघडले, नाच रंगला आणि माझा श्वास कोंडला. लाल दिवा लागला. मी एकदम मुका झालो.

पंखे हवेत तसेच राहिले. शेजारच्या टाऊलुन गावच्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, “काय गं, पंख्यांनी माशा हाकलताय होय?” सिऊलान त्यांच्याकडे बघून हसली खरी, पण घरी आल्यावर तिने पंखा कपाटावर फेकला आणि जेवली नाही. देवळाच्या मंडळींनीही सांगून टाकले की पुढच्या वर्षी असे झाले तर पालखीपुढे नाचायचा मान टाऊलुनला जाईल. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बुन-खिंगने काय करावे? त्याने माझ्यावर आणखी एक पुडी ठेवली.

मग मला चुआंग मिस्त्रीच्या दुकानात नेले. मिस्त्री हा गप्पिष्ट माणूस. त्याने दोन्ही पुड्या दोन्ही हातांनी, अदबीने उचलून बाजूला ठेवल्या, मला टेबलावर घेतले आणि गाणे लावले. पाठ मोकळी, वर पंखा फिरतोय! मी दुपारभर असा गायलो की समोरच्या चहावालीने दाद दिली.

“काही झालेलं नाही याला,” मिस्त्री म्हणाला.

“मग बंद का पडतो?”

“डॉक्टरसमोर माणसाचा ताप उतरतो की नाही? तसंच.”

तरी त्याने फ्यूज बदलला, वायरी घट्ट केल्या, टेम्पोच्या पत्र्याला जिथे माझी वायर जोडतात तिथला गंज घासून काढला. सगळे चांगलेच केले. पण टेम्पोत बसवताच पुड्या पुन्हा पाठीवर आल्या आणि पुढच्या तालमीत मी पुन्हा मुका.

दुसऱ्या खेपेलाही तेच. टेबलावर मी गुणी, टेम्पोत मी नाठाळ. मिस्त्री डोके खाजवत होता, तेवढ्यात त्याची नजर पुड्यांवर गेली.

“अरे भल्या माणसा, तारीख उलटून गेलीय! मग हा रुसणार नाही तर काय करेल?” त्याने स्वतःच्या तपासणी यंत्रावरची भली थोरली ताजी पुडी काढून दिली. “ही घे. माझ्याकडून.”

मित्रांनो, मला ओरडून सांगावेसे वाटत होते की बाबांनो, तुमची माया पोचली, आता ती जरा उतरवा! पण माझ्या पोटात शिरणारा आवाजच मी मोठा करू शकतो. माझा स्वतःचा आवाज कुठून आणू?

यंदाची मिरवणूक आठवड्यावर आली. शेवटच्या तालमीला सिऊलानने मिस्त्रीलाच टेम्पोत बसवले. “आज डॉक्टरनं रोग्याच्या घरी यायचं,” ती म्हणाली. गाणे सुरू झाले आणि ऐन गिरकीत बंद पडले. बुन-खिंगने घाईने कपाट उघडले, पुड्या उतरवून बायकोच्या हातात दिल्या आणि पिशवीतून नव्या काढू लागला.

“हे काय आणलंस?” मिस्त्री ओरडला. “ही पिवळी आहे! पिवळी म्हणजे धोक्याचा दिवा!”

“दुकानात हिरवी संपली होती.”

“मग दुसऱ्या दुकानात जायचं! पिवळी ठेवलीस तर कायमचा बसेल हा.”

“गेल्या वेळी तुझी हिरवी ठेवली, तेव्हा काय दिवे लागले?”

दोघे असे भांडत होते, कपाट उघडे होते आणि समुद्राचा छान वारा माझ्या पाठीवरून जात होता. मला बरे वाटले. लाल दिवा विझला आणि गाणे आपोआप सुरू झाले.

“गप्प बसा दोघं!” सिऊलान म्हणाली. “पुड्या कुठं आहेत?”

“तुझ्याच हातात.”

“माझ्या हातात. नवी पिशवीत. म्हणजे याच्या डोक्यावर आत्ता काहीच नाही. आणि हा गातोय!”

बुन-खिंगने माझ्याकडे पाहिले, मग पुड्यांकडे, मग बायकोकडे. मिस्त्रीने माझ्या पट्ट्यांवर बोट टेकवले आणि झटकन मागे घेतले. “आई गं! तवा झालाय नुसता!” आणि तो एवढा हसला की त्याला टेम्पोच्या पायरीवर बसावे लागले. “दर वेळी मीच या हातांनी पुड्या उतरवत होतो आणि वर म्हणत होतो, काही झालेलं नाही!”

“बिचाऱ्याला गोधडी पांघरून पळायला लावलंत,” सिऊलान म्हणाली आणि माझ्या कडेवरून हात फिरवला.

मिस्त्रीने मला पुन्हा टेबलावर घेतले. “इतके दिवस भाजून निघालाय. आत काही तडकलं असेल तर ते गरम केल्याशिवाय सापडायचं नाही,” तो म्हणाला. या वेळी त्याने माझे झाकण काढले, पाठीवर स्वतःचे जाकीट पांघरले आणि मला गायला लावले. तापून मी मुका झाल्यावर त्याने जाकीट काढले. थोड्या वेळाने मी पुन्हा गाऊ लागलो, पण आता आवाज खरखरत होता. मग बांबूच्या जेवणाच्या काडीने तो एकेक भाग हलकेच टोचत गेला. इथे नाही, इथेही नाही. एका भागाच्या जाड तारेच्या पायावर काडी टेकली आणि आवाज कर्र करून गेला. काडी उचलली, आवाज आला. भिंगातून पाहिले तर कथिलाच्या टाक्याभोवती केसाएवढी चीर! त्याने जुने कथील काढून नवा चकचकीत टाका घातला. मला गुदगुल्या झाल्या. जाकीट पुन्हा पांघरले, तापल्यावर काडीने टोचले, तरी आवाज ढळला नाही.

“पुडीचं काय करायचं?” बुन-खिंगने हळूच विचारले. “अजिबात काढली आणि ऐन वेळी बिघडला तर?”

खरे सांगतो, अजिबात काढायची छाती मिस्त्रीचीही नव्हती. शेवटी सिऊलानने हिरव्या पुडीला दोरा बांधला आणि ती माझ्यासमोर कपाटाच्या चौकटीला टांगली. “आता बघू दे त्याला. पाठीवर बसायचं नाही,” ती म्हणाली.

मिरवणुकीच्या दिवशी कपाटाचे दार उघडेच होते. पालखी चौकात आली. आशीर्वादासाठी पालखीखालून जायला लोकांनी रस्त्यावर एवढी लांब रांग लावली की देवी हलेचना! गाणे संपले की पुन्हा लावायचे, पुन्हा नाचायचे. ऊन तळपत होते. मी तापू लागलो. खरखर नव्हती, पण जरा गार व्हायला मला सवड हवी होती. बुन-खिंगने माझ्या कडेला हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. सवयीने त्याचा हात टांगलेल्या पुडीकडे गेला आणि त्याने ती ओढून धरली.

“ए म्हाताऱ्या माकडा!” नाचता नाचताच सिऊलान ओरडली आणि तिने कमरेचा जास्तीचा पंखा त्याच्याकडे फेकला. “पुडी सोड! वारा घाल त्याला!”

आणि तो घालू लागला! कालवांच्या चिखलात राबलेले ते हात गुलाबी झालरीचा पंखा घेऊन मला वारा घालत होते, तोही गाण्याच्या तालावर. टाऊलुनच्या बायका पुन्हा खो खो हसल्या, पण या वेळी हसत हसत पंखे उघडून त्या नाचात शिरल्या. देवीची पालखी उठून पुढे जाईपर्यंत मी गात राहिलो. नंतर सिऊलानने घामेजलेला गाल माझ्या कडेला टेकवला आणि म्हणाली, “शहाणं बाळ माझं.”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी भावंडे असतील. एखादे अधूनमधून रुसले तर त्याला नाठाळ म्हणण्याआधी त्याच्या पाठीवर आपणच काय ठेवले आहे ते एकदा उचलून पाहा. माझी हिरवी पुडी अजून समोर डोलते आहे, तारखेआधी न चुकता बदलली जाते. आणि मिरवणुकीत बुन-खिंगला आता कुणी कालवंवाला म्हणत नाही. पंखा-नाचातल्या बायकांच्या रांगेत त्याचेही नाव लागले आहे, सगळ्यात शेवटी, माझ्या शेजारी.