भिंतीमागचं लाकूड

लाइल ब्रेंडेनने आपल्या ठेकेदारीच्या परवान्याची प्रत स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, तेव्हा व्हर्नाला हसू फुटलं.

"तुझा परवाना तू मला दाखवतोयस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मी कुठं दाखवतोय? तुझी ती दवाखान्यातली बाई मागते ना. तिला नेऊन दे." लाइलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एकतीस वर्षं झाली या कागदाला. त्यातली सत्तावीस रेनो होता माझ्याबरोबर. आणि आज मी त्याच्याच घरात फीत घेऊन मापं काढतोय. काय दिवस आले, सांग."

जानेवारीत गॅरेजचं दार उघडता उघडता व्हर्नाचा नवरा रेनो किनुनेन पक्षाघाताने खाली कोसळला होता. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एकच शब्द मागे उरला: 'उद्या'. भूक लागली तरी 'उद्या', पाय दुखला तरी 'उद्या'. डुलुथच्या टेकडीवरच्या पुनर्वसन केंद्रात तो पडून होता. तिथल्या तमारा नावाच्या थेरपिस्टने व्हर्नाला स्पष्ट सांगितलं होतं, की खालच्या मजल्यावर खुर्ची आत जाईल असं न्हाणीघर आणि आधाराच्या पक्क्या दांड्या झाल्याशिवाय ती त्याला घरी सोडणार नाही. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच हवं. निदान तिघांकडून खर्चाचा अंदाज घ्या, असंही ती म्हणाली होती.

व्हर्नाने कुणालाही फोन केला नाही. तिघांना विचारायचं म्हणजे लाइलवर संशय घेतल्यासारखं झालं असतं, आणि त्या विचाराचीच तिला लाज वाटली. लाइल त्यांच्या लग्नात रेनोच्या शेजारी उभा होता. अतिदक्षता विभागाच्या दाराशी लहान मुलासारखा रडला होता. रेनोने स्वतःचा परवाना कधी काढलाच नाही. परीक्षेचं नाव काढलं की तो म्हणायचा, "कागदाचं काम लाइलचं, लाकडाचं माझं." ब्रेंडेनकडून घर बांधून घेणारे लोक करारावर सही करतानाच सांगत, "रेनोला पाठवा हं."

"एकच विचारते," व्हर्ना म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधणारी बाई ती, उगाच घुटमळणं तिच्या स्वभावात नव्हतं. "रेनोचं वजन तुला माहीत आहे. दांडीच्या मागं, भिंतीच्या पोकळीत, आडवं लाकूड घालशील ना? नुसत्या बोर्डावर ठोकू नकोस."

लाइल दुखावल्यासारखा झाला. "हे तू मला शिकवतेस? अगं, दुसऱ्या कुणाचं असतं तर पोरांवर सोडलं असतं. रेनोच्या दांडीमागचं लाकूड मी माझ्या हातानं बसवणार."

काम पाच आठवडे चाललं. लाइलची दोन अनोळखी माणसं सकाळी येत आणि व्हर्ना शाळेतून परतायच्या आत निघून जात. लाइल अधूनमधून डोकावायचा, कॉफी प्यायचा, फोनवर बोलत बोलत गाडीत बसायचा. एका दुपारी ती घरी आली तर भिंत बंद होऊन वर पांढऱ्या फरश्याही लागलेल्या.

"अरे, बंद करायच्या आधी मला बघायचं होतं."

"बसवलं ना मी सकाळीच. आता काय फोडून दाखवू?" लाइल हसला. व्हर्नाही हसली. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी वेलची घातलेला गोड पाव भाजला आणि तो गरम असतानाच फडक्यात गुंडाळून त्याच्या गाडीत ठेवला.

एप्रिलमध्ये रेनो घरी आला. व्हर्नाने त्याची खुर्ची न्हाणीघरात ढकलली. रेनोने सगळीकडे सावकाश नजर फिरवली. दार पाहिलं, उतार पाहिला, मान डोलावली. मग डावा हात उचलून त्याने दांडीच्या बाजूच्या फरशीवर बोटांची पेरं वाजवली. जरा खाली वाजवली. पलीकडे वाजवली. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "उद्या."

"उद्या कशाला? आजच करायची आंघोळ. कधीची वाट बघतेय मी."

त्याने जोरात मान हलवली आणि पुन्हा भिंत वाजवली. "उद्या! उद्या!" त्याचा चेहरा लाल झाला होता.

व्हर्ना थकली होती. तीन महिने शाळा, बस, केंद्र, आणि पुन्हा बस. तिच्या तोंडून निघून गेलं, "लाइलनं तुझ्यासाठी एवढं केलं आणि तुझे हे नखरे! तुझ्या हातचं नाही म्हणून नाक मुरडतोस होय?"

रेनोने हात खाली घेतला. तो मुकाट्याने बसल्या बसल्या न्हायला. पुढचे आठ दिवसही तसाच न्हायला, पण दांडीला त्याने बोटही लावलं नाही. तमारा घरी येऊन बघून गेली आणि म्हणाली, उभं राहायची सवय मोडली तर पाय कायमचे जातील.

नवव्या दिवशी व्हर्ना त्याच्यासमोर वाकून उभी राहिली. "धर रे. माझ्यासाठी धर. लाइलनं स्वतः बसवलीय ती."

रेनोने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याने दांडी धरली आणि भार टाकून उठला.

तो जेमतेम सरळ झाला असेल, तोच स्क्रू, फरश्या आणि बोर्डाचा तुकडा यांच्यासकट दांडी त्याच्या मुठीत आली. तो पडला तो डाव्या हातावर.

रुग्णवाहिका येईपर्यंत व्हर्ना त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या जमिनीवर बसली होती. समोरच्या भिंतीला भोक पडलं होतं. आत दोन उभ्या वाशांच्या मधे थंडीसाठी भरलेला गुलाबी कापूस होता. लाकूड नव्हतं. एक ढलपीसुद्धा नव्हती.

"तू सांगत होतास," ती म्हणाली. "तू घसा फोडून सांगत होतास रे, आणि मी लाइलचं ऐकलं."

"उद्या," रेनो हळूच म्हणाला, आणि गाल तिच्या गुडघ्याला टेकवला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी सळ्या घातल्या आणि कोपरापर्यंत प्लास्टर चढवलं. दुसऱ्या दिवशी लाइल इस्पितळाच्या व्हरांड्यात आला.

"पोरांनी घोटाळा केला, व्हर्ना. मी दोघांनाही काढून टाकलं."

"तू स्वतः बसवणार होतास."

"त्याच आठवड्यात तलावाकाठचं एक मोठं काम निघालं. मला वाटलं, त्यांनी घातलं असेल."

"तू 'वाटलं' म्हणाला नव्हतास. 'बसवलं' म्हणालास. माझ्या तोंडावर. हसून."

लाइल आवाज उतरवून म्हणाला, "आपण आपसात मिटवू. सगळं नव्यानं करून देतो, फुकट. कागदावर गेलं तर माझा परवाना जाईल. रेनोला तरी आवडेल का ते?"

"रेनोला काय आवडेल ते त्यालाच विचार. आत आहे तो. जागा आहे."

लाइलने दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडंच होतं. तो दोन पावलं पुढे गेला, थबकला, आणि वळून लिफ्टकडे निघून गेला.

परवाने देणाऱ्या सरकारी मंडळाकडची तक्रार व्हर्नाने शाळेतच लिहिली, दुपारची भांडी धुऊन झाल्यावर. रविवारी लाइलच्या बायकोचा, कोरीनचा फोन आला. "तीस वर्षं एका टेबलावर जेवलो आपण. शेवटी सरकारलाच सांगितलंस ना?"

"आधी तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं," व्हर्ना म्हणाली आणि फोन ठेवला. कोरीनशिवाय तिला दुसरी जवळची मैत्रीण नव्हती.

मे महिन्यात मंडळाकडून पॅटी ड्रेक नावाच्या निरीक्षकबाई आल्या. लाइललाही हजर राहायला सांगितलं होतं. बाईंनी आणखी दोन ठिकाणी फरश्या काढल्या. संडासाजवळच्या दांडीमागेही लाकूड नव्हतं. त्यांनी बॅटरी विझवली.

"मिस्टर ब्रेंडेन, काम पुरं झाल्याच्या कागदावर सही तुमची आहे. भिंत बंद करायच्या आधी तुम्ही आत बघितलं नाही?"

"नाही."

"का?"

लाइलने उघड्या भिंतीकडे पाहिलं. "भिंत बंद करायच्या आधी बघायचं काम रेनोचं असायचं. तो बघायचा. मला कधी बघावंच लागलं नाही."

"किती वर्षं?"

"सत्तावीस."

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढे मंडळाने लाइलचा परवाना वर्षभरासाठी थांबवला. व्हर्नाने या खेपेला तिघांकडून अंदाज मागवले आणि त्यातल्या एका अनोळखी माणसाला काम दिलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी निरीक्षकबाई गाडीकडे गेल्या आणि लाइल बैठकीतून बाहेर पडताना रेनोच्या खुर्चीपाशी थांबला. सवयीने त्याने हात पुढे केला. रेनोचा एक हात मांडीवर निपचित होता, दुसरा प्लास्टरमध्ये. लाइलचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो खिशात घातला आणि मान खाली घालून पायऱ्या उतरला.

व्हर्नाने माशाचं सूप गरम केलं आणि स्टूल ओढून रेनोसमोर बसली. तिने त्याच्या गळ्याशी रुमाल खोचला. न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं. इथे बसून तिथलं सगळं ऐकू येत होतं.

"ऐकलंस ना, काय म्हणाला तो? भिंत तू बघायचास म्हणे."

रेनोने तोंड खिडकीकडे फिरवलं. खाली तलावावर धुकं होतं आणि एक लांबलचक मालवाहू जहाज बंदराकडे हळूहळू सरकत होतं. ते धक्क्याला लागेपर्यंत तो बघत राहिला. सूप निवलं. व्हर्ना चमचा धरून बसून राहिली, तिने घाई केली नाही.

मग त्याने मान वळवली, पाठ जमेल तेवढी ताठ केली, आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.