कुरकुरणारं दार

गुरुवारच्या बैठकीत नियम एकच होता. ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही. म्हणेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे.

वाचनालयामागे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत लढाईवरून परतलेली मुलं बसत आणि मागच्या खोलीत त्यांच्या घरची माणसं. नियम दोन्हीकडे सारखाच. तो घातला होता बैठक चालवणाऱ्या नर्सबाईंनी. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, त्यांची जरब मात्र अजून नोकरीवर होती.

मावशी पाच महिने न चुकता कप धूत होत्या. त्यांचा धंदा शिवणकामाचा. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, त्यामुळे अर्धं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. “लेक कसा आहे?” असं कुणी विचारलं, की “ठीक आहे हो” म्हणून त्या बाह्या सरसावून मोरीकडे निघायच्या. बोलण्यापेक्षा कप धुणं सोपं.

लेकाचं घरातलं नाव बडबड्या. लहानपणी झोपेतसुद्धा बोलायचा, म्हणून ठेवलेलं. आठ महिन्यांपूर्वी तो परत आला तो तोंडाला कुलूप लावून. दिवसभर खोलीत दाराकडे तोंड करून बसायचा. बैठकीलाही गेला नाही. मावशी एकट्याच जायच्या. त्यांना आपला मामा आठवायचा. जुन्या लढाईतून आलेला मामा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून असायचा आणि पोरं त्याच्यामागे पत्र्याचा डबा बडवून पळायची. मावशीही त्या पोरांत होत्या. ते आठवलं की अजून त्यांचे कान तापायचे. मामासाठी कुठला गुरुवार नव्हता.

लेकाच्या खोलीचं दार फार जुनं. उघडलं की असं किंचाळायचं, की बडबड्या बसल्या जागी ताठ व्हायचा. मावशींना वाटलं, या दारानेच पोराची झोप उडवलीय. एका सकाळी तो न्हाणीत गेला असताना त्यांनी शिलाई मशीनची तेलाची बुधली आणली आणि दोन्ही बिजागऱ्यांत चार-चार थेंब सोडले. दार लोण्यासारखं फिरू लागलं. मावशी स्वतःवर खूष.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या धुतलेला सदरा ठेवायला आत गेल्या. दार वाजलं नाही. बडबड्याचा डोळा लागला होता. मावशी त्याच्या अंगावरून खुंटीकडे वाकल्या आणि पुढच्या क्षणी दाराशी ठेवलेल्या शिलाई मशीनवर जाऊन आदळल्या. मनगट मोडलं. उजवं.

लेकानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना म्हणाला, “मी ढकललं.” मावशी म्हणाल्या, “पाय घसरला.” प्लास्टर वाळायच्या आत तो पिशवी घेऊन निघून गेला. पलटणीतल्या मित्राचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत राहायला.

त्या गुरुवारी गळ्यात हात अडकवून मावशी बैठकीला आल्या.

“हे काय हो?”

“पाय घसरला. ठीक आहे आता.”

“म्हणालात बरं का,” कोपऱ्यातून ट्रकवाल्याची बायको म्हणाली. जिभेला हाड नसलेली, पण मनाची मऊ. “नऊ कप आहेत.”

मावशी उठल्याही. डाव्या हाताने पहिला कप धरला, तो निसटून फुटला. दुसऱ्यालाही त्यांनी हात घातला, तेव्हा नर्सबाईंनी नळ बंद केला.

“कप धुता येत नसतील तर सांगावं लागेल, मावशी. दोन्हीतून सुटका नाही.”

मग मावशींनी सांगितलं. तेलाच्या थेंबापासून. सांगताना त्या फुटलेल्या कपाचा कान मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या.

कुणी च्‌च्‌ केलं नाही. ट्रकवाल्याची बायकोच बोलली. “मावशी, ते दार त्याचा पहारेकरी होतं हो. त्याच्या भरवशावर तो डोळा मिटायचा. तुम्ही पहारेकऱ्याचंच तोंड बंद केलंत. मी नवऱ्याच्या खोलीत जाताना गाणं म्हणते.”

“अगं, तुझा आवाज...” दुसरी एक म्हणाली.

“म्हणूनच! शेजारीसुद्धा सावध होतात.”

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या आणि त्यातच त्यांना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उलटा उद्योग आरंभला. डाव्या हाताने बिजागऱ्या सोड्याने घासायच्या आणि रोज सकाळी मिठाचं पाणी सोडायचं. चांगलं दार बिघडवायलाही वेळ लागतो. प्लास्टर निघालं तरी दार गप्पच होतं. हात बरा झाला म्हणायचा, पण सुईत दोरा काही ओवता येईना. नवव्या आठवड्यात दार कण्हलं. दहाव्यात किंचाळलं. मावशींनी नर्सबाईंना गाठलं. “भेटला कुठे, तर एवढंच सांगा, दार पुन्हा वाजायला लागलंय.”

बडबड्या आला एका दुपारी. उरलेले कपडे न्यायला आलोय म्हणाला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग तसाच चटईवर आडवा झाला. मावशी अंगणाच्या पायरीवर जाऊन बसल्या. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तो झोपला होता.

उठल्यावर त्याने आईचा हात हातात घेतला. वाकडं जुळलेलं हाड अंगठ्याने चाचपलं.

“मी इथे राहणार नाही, आई. तेव्हा दार वाजलं नाही हे खरं. पण हात माझाच होता.”

मावशींनी दहा आठवडे दुसरंच काही योजलं होतं. भाजीसुद्धा दोघांपुरती आणली होती. त्या मान खाली घालून म्हणाल्या, “ठीक आहे.”

“मग कप धू.”

मावशींनी चमकून वर पाहिलं. “तुला कुणी सांगितलं?”

“पुढच्या खोलीत बसतो मी. तीन गुरुवार झाले. दर वेळी मीच धुतो.”

दोघांच्या मध्ये एका भिंतीचं अंतर होतं आणि मावशींना पत्ता नव्हता.

“ठीक नाही रे,” त्या म्हणाल्या. “अजिबात ठीक नाही.”

“हो,” तो म्हणाला आणि कपड्यांची पिशवी खांद्याला लावून निघाला. जाताना त्याने खोलीचं दार स्वतःच ओढून घेतलं. ते घरभर किंचाळलं. मावशी तेलाच्या बुधलीला घट्ट बूच लावत बसल्या. हाताला जोर नव्हता, वेळ लागला.