सोळा हात सागवान

इंद्रभान झाडं पाडायचा. मानोऱ्याकडच्या एका गावात त्याची तीन एकर जमीन होती आणि विहिरीकाठी वांगी-मिरचीचा मळा होता; पण कापूस घरात आला की मळा बायकोवर, चतुराबाईवर, टाकून तो कुऱ्हाड खांद्यावर घेई आणि पोहरादेवीपलीकडच्या डोंगराला लागे. वीस वर्षं हेच चाललं होतं. जंगलखात्याचा नाकेदार तोडायच्या झाडांवर हातोड्यानं खुणा करून देई आणि ठेकेदार माणसं लावी. सपाटीवरची झाडं कोणीही पाडी. उभ्या उतारावरची मात्र इंद्रभान आणि देवला यांच्याच वाट्याला येत.

देवला तांड्यावरचा. अंगानं काटक, बोलायला कमी. अकरा वर्षं एकाच करवतीचं एक टोक याच्या हातात आणि दुसरं त्याच्या. इंद्रभानचा लौकिक असा की त्यानं पाडलेल्या सागाला चीर म्हणून जात नसे. उतारावर झाड सरळ खाली सोडलं तर ते घसरत जातं आणि नाल्यातल्या धोंड्यांवर आपटून फुटतं. म्हणून तो ते उताराला आडवं निजवी, एकेक फांदी छाटी आणि मग दोर लावून सावकाश खाली नेई. यात मेख एवढीच, की आडव्या पडलेल्या झाडाला खालच्या अंगाच्या फांद्यांनीच धरून ठेवलेलं असतं. त्या फांद्या तोडायच्या म्हणजे झाडाच्या खाली उभं राहायचं.

देवला खाली उभा राहत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या सालात लाकडाला मागणी फार आली, तेव्हा एका झाडाची खालची फांदी फारच आडनिडी निघाली. देवलानं ती तशीच ठेवली, वरून लोखंडी सब्बल लावली आणि झाड लोटून दिलं. ते नाल्यात जाऊन उभं चिरलं. संध्याकाळी ठेकेदारानं विचारलं, तेव्हा इंद्रभान पंधरा माणसांसमोर म्हणाला, "देवलाले इचारा. त्याले जिवाचं लय भेव वाटते."

देवला दुसऱ्या दिवशी गोविंदसिंग नावाच्या आपल्या तांड्यातल्या माणसाला घेऊन डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर कामाला गेला.

इंद्रभाननं मग कामरगावहून आपल्या साळ्याला, भगवंतरावाला, बोलावून घेतलं. पंचविशीचा गडी, मोटेचे बैल एकट्यानं आवरणारा. पण डोंगरातलं झाड त्यानं कधी पाडलं नव्हतं. करवत नुसती आपल्याकडे ओढायची असते, समोरच्याकडे ढकलायची नसते, हे इंद्रभान त्याला पंधरा दिवस सांगत होता.

माघातल्या एका सकाळी दोघांनी एक मोठा साग पाडला. बुंध्यापासून पहिल्या फाट्यापर्यंत सोळा हात, कुठं गाठ नाही. असं झाड इंद्रभाननं दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. ते हवं तसं आडवं पडलं. वरच्या फांद्या भगवंतरावानं छाटल्या. खालच्या अंगाला दोन फांद्या जमिनीत रुतून बसल्या होत्या.

"तू वरच थांब," इंद्रभान म्हणाला आणि खाली उतरला.

फांदी अर्धी तुटली होती. आणखी चार घाव घालायचे, मग बाजूला सरायचं, असा त्याचा हिशेब होता. ती दुसऱ्याच घावाला मोडली. खोड अर्धं वळलं आणि हातभर खाली आलं. इंद्रभाननं उडी घेतली, पण डावा पाय मागे राहिला.

पडल्यावर त्याला आधी आभाळ दिसलं. मग आपण उताराकडे डोकं करून उताणे पडलो आहोत, हे कळलं. गुडघ्याखालचा पाय खोडाखाली होता. दुखत नव्हतं, याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं मान उचलून खोड पाहिलं. बुंध्याकडचं टोक धावड्याच्या एका जुन्या खुंटाला टेकलं होतं. शेंड्याकडचा सारा भार उरलेल्या एका फांदीवर होता. ती सुटली की झाड त्याच्या अंगावरून जाणार होतं.

भगवंतराव सब्बल घेऊन धावत आला.

"हात लावू नको," इंद्रभान म्हणाला.

"उचलतो ना, भाऊजी. जरासंच उचलतो, तुमी पाय काढा."

"उचललं का फांदी सुटते. ठेव ते खाली. देवलाले बलावून आन."

"देवलाले?"

"हो. करवत घेऊन ये म्हना."

भगवंतराव गेला. तो परत येईपर्यंत बराच वेळ गेला असावा, कारण अंगावर ऊन आलं. पाय आता दुखू लागला होता. इंद्रभाननं खोडाच्या सालीवरच्या मुंगळ्यांची रांग पाहिली. झाड पडलं तरी ते आपल्या जुन्या वाटेनंच जात होते. देवला येईल की नाही, याचा विचार त्यानं केला नाही. येणार नाही, असं त्याच्या मनातच आलं नाही. हे त्याच्या लक्षात आलं ते फार पुढं, घरी खाटेवर पडून असताना.

देवला आला, मागून गोविंदसिंग आणि भगवंतराव. देवलानं इंद्रभानच्या तोंडाकडे पाहिलं नाही. झाडाभोवती तो एक फेरी फिरला, जमीन पायानं दाबून पाहिली, फांदीजवळ बसून तिच्या बुडाशी हात घातला. मग शेंड्याकडचा भाग वरच्या दोन झाडांना दोरानं आवळून बांधायला गोविंदसिंगाला सांगितलं. स्वतः त्यानं दोन थुण्या तोडून खालच्या अंगानं टेकू दिले आणि इंद्रभानच्या दोन्ही बाजूंना खोडाखाली पाचरी ठोकल्या. नंतर पायाखालची माती कुऱ्हाडीच्या पात्यानं उकरू लागला. वीतभर खाली खडक लागला.

"खडक हाय," तो म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं हे पहिलं बोलणं. "कापा लागते. तुह्या दोनी अंगानं कापतो. मंग मधला तुकडा उचलतो."

इंद्रभाननं डोळे मिटले होते. तो म्हणाला, "मधात कापू नको."

"काहून?"

"सोळा हात सरळ लाकूड हाय. शेंड्याकडून काप, फाट्याजवळ. तेवढ्यानं भार कमी होईन. अख्खं लाकूड वाचते."

गोविंदसिंग दुसरीकडे पाहू लागला. मग देवलानं करवत खोडावर ठेवली, इंद्रभानच्या पायापासून हातभर अंतरावर, बरोबर त्या सोळा हातांच्या मधोमध.

"भगवंता, तिकडून धर," तो म्हणाला.

गोविंदसिंग दोरापाशी राहिला. करवत चालू लागली. तिचा प्रत्येक हेलकावा इंद्रभानला पायातून, मांडीतून, पार दाढेपर्यंत कळत होता. कोणता ओढा देवलाचा आणि कोणता भगवंतरावाचा, हेही कळत होतं.

"भगवंता," तो म्हणाला, "ढकलून राह्यला तू. नुसतं वढ."

भगवंतराव रडत होता, पण त्यानंतर त्यानं ढकललं नाही. देवला मधूनमधून थांबून कापात पाचर ठोकत होता. पहिला काप पुरा झाला तसा शेंड्याकडचा भाग दोर ताणून गर्रकन फिरला आणि वरच्या झाडांना लटकून राहिला. मधलं खोड जागचं हललं नाही. दुसरा काप खुंटाच्या बाजूनं. तो संपेपर्यंत इंद्रभान दोनदा बेशुद्ध झाला. शेवटी तिघांनी सब्बली घालून तीन हातांचा तुकडा उचलला, बाकीच्या दोघांनी तो तोलून धरला आणि देवलानं इंद्रभानला काखेत धरून बाहेर ओढलं. तुकडा सोडून दिला, तो गडगडत नाल्यात गेला.

बाजेवर घालून त्याला खाली आणलं आणि बैलबंडीत टाकून कारंजाच्या दवाखान्यात नेलं. देवला बंडीबरोबर गावाच्या शिवेपर्यंत आला आणि तिथून मागे फिरला.

पाय राहिला, पण दोन बोटं आखूड झाला. होळी गेली, पाडवा गेला, तेव्हा कुठं इंद्रभान काठी घेऊन मळ्यात येऊ लागला. डोंगरात जाणं संपलं, हे कोणी त्याला सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. पहिले काही महिने चतुराबाईला वाटायचं, हा माणूस आता कुढत बसेल. तो बसला नाही. त्यानं वाफे नव्यानं आखले, पाटाला उतार नीट दिला. मात्र तो मळ्यात आल्यापासून ती जे काम वीस वर्षं आपल्या मनानं करत होती, ते आता त्याच्या मनानं होऊ लागलं. त्यावरून दोघांत अधूनमधून खटके उडत. एकदा ती म्हणाली, "वांग्याले मी पानी देतो, तुमी मिरचीकडे पाहा. एका ठिकानी दोघं नोको." त्यानं ते ऐकलं.

दिवाळीनंतर एका सकाळी देवला मळ्यात आला. बांधावर बसला, चिलीम काढली. दोघांनी आधी पिकाचं बोलून घेतलं.

मग देवला म्हणाला, "गोविंदसिंग औंदा येत नाई. त्याची मान धरली. तुह्या साळ्याले घेतो म्हनतो संग."

इंद्रभाननं मिरचीचं एक रोप हातानं सरळ केलं. हे ऐकून वाईट वाटलं की बरं, हे त्याला ठरवता आलं नाही.

"मले कायले इचारतं? त्याले इचार."

"त्याले इचारलं. तो म्हने, पयले भाऊजीले इचारा."

"ने ना मंग. पोरगा दमदार हाय."

देवलानं मान हलवली आणि उरलेली चिलीम ओढली.

"तवा ठेकेदारासमोर बोललो मी," इंद्रभान म्हणाला, "ते बोलाले नव्हतं पायजे."

"नव्हतंच पायजे," देवला म्हणाला.

त्यानं चिलीम झटकली आणि उठला. चतुराबाईनं वांगी दिली ती त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. पानं कशानं गुंडाळली जात आहेत, असं त्यानं तिला जाता जाता विचारलं. अळी पडली, राख टाकून पाहिली, पण काही उपयोग नाही, असं ती म्हणाली. दोघं त्या रोपांपाशी वाकून पाहत उभे राहिले. इंद्रभान मिरचीच्या वाफ्यातून त्यांच्याकडे पाहत होता, मग त्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं.

भगवंतराव देवलाबरोबर सहा वर्षं डोंगरात गेला. उताराला आडवी पडलेली झाडं ते दोघं वरूनच लोटून देत आणि त्यातली काही फुटत.