आम्ही की आपण

मोठ्या बाई वर्गात शिरल्या तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. त्यांचं म्हणणं एकच: नवीन मुलीने सगळ्यांसमोर एक पान न चुकता वाचलं तर ती दुसरीत राहील, नाहीतर उद्यापासून पहिलीत. तिच्या घरी वेगळी भाषा बोलतात, जरा दमाने घ्या, असं मी कालच सांगून पाहिलं होतं. त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

पोर वर्गात मूग गिळून बसायची, म्हणून कार्ट्यांनी तिचं नावच 'मूग' पाडलं होतं. माझ्याजवळ मात्र ती वाचायची. माझ्या टोपलीत तऱ्हेतऱ्हेच्या मुलांची चित्रांची पुस्तकं आहेत: कानात यंत्र लावलेली गोलकीपर, शिवणकाम करणारा मुलगा, काळी कुळकुळीत राजकन्या. मोठ्या बाई त्याला 'चित्रांचे लाड' म्हणतात. अहो, अक्षर कळतं आणि माणूसही कळतो, आणखी काय हवं?

मोठ्या बाईंसमोर वाचायला तिने कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाचं पुस्तक उचललं. मैदानाच्या कडेला तो एकटा उभा, समोर मुलांचा घोळका. बोट ठेवून ती सुरेख वाचत गेली. शेवटची ओळ होती, 'मुलं म्हणाली, चल, आपण खेळू.'

"मुलं म्हणाली, चल, आम्ही खेळू."

मोठ्या बाईंनी कागदावर फुली मारली. पुन्हा वाच, नीट बघून वाच, असं मी म्हटलं. तिने पुन्हा 'आम्ही'च वाचलं. मला तिचा रागच आला, खरं सांगते. मी त्या शब्दाखाली बोट ठेवून विचारलं, हे 'आम्ही' आहे का?

"नाही. पण पुस्तकात चुकलंय," ती हळूच म्हणाली. "तो बाहेर उभा आहे ना, बाई? बाहेरच्याला 'आम्ही खेळतोय' म्हणतात."

मधल्या सुट्टीत तिला रोज हेच ऐकवणारी मॉनिटर बाकावरच्या रेघा बघू लागली. ही वर्गातली सगळ्यांत फाडफाड वाचणारी. मी रोज व्हरांड्यात चहा पीत उभी असते, पण माझ्या कानावर हे कधी पडलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोठ्या बाईंनी ती खाली गेलेली नजर टिपली होती. त्यांनी मॉनिटरला उभं केलं आणि तीच ओळ वाचायला सांगितली. तिने एका दमात वाचून टाकली.

"पुस्तकाकडे नको बघूस," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिच्याकडे बघून म्हण."

मॉनिटर वळली. 'मुलं म्हणाली, चल,' इथवर आली आणि अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. तिचे कान लाल झाले, डोळे भरले. कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं, आणि आता पहिलीत नक्की कुणाला पाठवणार, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात मूग जागेवरून उठली. पुस्तक घेऊन मॉनिटरजवळ गेली, तिच्यासमोर पान धरलं आणि शब्दाखाली बोट ठेवलं.

"आ," ती म्हणाली. "प. ण."