ओर्वाच्या लाकडी पाकोळ्या

ओर्वा गिंगरिचने खांबावर लाकडी पाकोळ्या बसवल्या, त्या दिवसापासून रस्त्यापलीकडच्या अ‍ॅटली श्लाबाखला अन्न गोड लागेना.

होम्स काउंटीत आमच्या आमिश लोकांच्या, म्हणजे वीज-यंत्रं टाळणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या, दारात दोन गोष्टी असायच्याच. एक कपड्यांची लांबलचक दोरी आणि दुसरा पाकोळ्यांचा खांब. खांबावर पांढरं, खणाखणांचं घर आणि खाली टांगलेले तुंबे. जांभळ्या पाकोळ्या वसंतात दक्षिणेकडून येतात, त्यात पिल्लं वाढवतात, उन्हाळा सरता सरता निघून जातात. अ‍ॅटलीच्या खांबावर त्या त्याच्या बापाच्या वेळेपासून येत. एका वर्षी तर इतक्या आल्या की त्यांच्या वजनाने खांब कमरेएवढा जमिनीत रुतला, असं तो सांगायचा. आणि सगळ्या एकदम उडाल्या तेव्हा तो आपोआप वर आला, असंही सांगायचा. ऐकणाऱ्याने कॉफी पीत राहायचं.

पण गेल्या उन्हाळ्यात घुबडाला घर सापडलं आणि वस्ती उठली. यंदा अ‍ॅटलीने घर धुतलं, खणांच्या तोंडाशी तारा लावल्या, कप्पीने वर चढवलं. एप्रिल अर्धा सरला तरी एक पाखरू फिरकलं नाही. आणि नेमका तेव्हाच ओर्वाने नवा खांब उभा केला. वरच्या घराच्या छपरावर चार लाकडी पाकोळ्या, जांभळट काळ्या, छाती काढून बसलेल्या. आकाशातून जाणाऱ्या खऱ्या पाखरांना वाटावं की इथे वस्ती आहे, म्हणून.

"त्यांना डोळे आहेत," अ‍ॅटली खिडकीतून म्हणाला.

"पाखरांना असतातच," त्याची बायको सलोमा पीठ मळता मळता म्हणाली.

"ही कोरलेली आहेत. आपण नातींच्या बाहुल्यांनासुद्धा नाक-डोळे काढत नाही. आणि हा बाबा ठिपके देऊन डोळे रंगवतो."

"मग जा, पट्ट्या बांधून ये त्यांच्या डोळ्यांवर."

डोळ्यांचं एक वेळ चाललं असतं. पण दोन दिवसांनी, धार काढायच्या वेळेला, उजाडता उजाडता ओर्वाच्या अंगणातून पाकोळीचं गाणं आलं. तेच गळ्यात पाणी खळखळल्यासारखं, मध्ये चिरचिर, शेवटी टकटक. अ‍ॅटली बादली घेऊन बाहेर धावला. आकाश कोरं होतं. चार लाकडी पाखरं तेवढी गप्प बसून होती.

"यंत्र," अ‍ॅटली गाईला म्हणाला.

इंग्लिश लोकांकडे, म्हणजे आम्ही सोडून बाकी सगळ्या जगाकडे, असं यंत्र असतं हे त्याने ऐकलं होतं. बॅटरी घातली की पहाटेचं गाणं वाजवतं आणि पाखरं खाली ओढतं. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या नियमांत, असल्या यंत्राला अजिबात परवानगी नाही. आता त्याला एकेक आठवू लागलं. फेब्रुवारीत एका इंग्लिश ड्रायव्हरने ओर्वाला शहरातून छोटा खोका आणून दिला होता. तेव्हापासून ओर्वा बोलायचा कमी आणि हसायचा तोंड मिटून. सकाळी कुणी भेटायला गेलं की त्याचा हात झटकन खिशात जायचा. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं असायचं.

मग एकदा वारा सुटला आणि एक लाकडी पाकोळी उडून रस्त्याकडेच्या चरात पडली. अ‍ॅटलीने ती परत द्यायलाच उचलली. आधी कानाला लावली, मग हलवली. मग, आतमध्ये काही दडवलेलं आहे की काय ते बघावं म्हणून, पटाशी लावून उभी चिरली. आत लाकूड निघालं. दोन्ही फाका त्याने कोटाच्या खिशात टाकल्या. ओर्वाच्या खिशातल्या रुमालाबद्दलचा त्याचा संशय मात्र दुप्पट झाला.

गुरुवारी मंडळीतली भांडणं मिटवणारा डीकन मोझ ट्रोयर आला. लहानपणी खिळा गिळल्यामुळे सगळे त्याला खिळ्या-मोझ म्हणत. त्याने बग्गीतूनच विचारलं, "अ‍ॅटली, रविवारचं ध्यानात आहे ना? प्रत्येकाला विचारणार, देवाशी आणि शेजाऱ्याशी समेट आहे का. एकाने नाही म्हटलं तरी साऱ्या मंडळीचा प्रभुभोजनाचा विधी लांबणीवर पडतो. ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या त्यासाठी काठी टेकत येतात. तुझ्या मनात काय आहे ते आजच सांग."

"शनिवारी सांगतो. यंत्रच आणून हातात देतो तुझ्या."

"आणि यंत्र नसलं तर?"

"तर ओर्वाच्या अंगणात गुडघा टेकून माफी मागेन."

"गुडघा दुखतो ना तुझा?"

"म्हणून तर खात्री करून जाणार आहे."

शनिवारी फटफटायला लागलं तेव्हा अ‍ॅटली ओर्वाच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीच्या खांबाला पाठ लावून उभा होता. गवताची टोपी लांबून चमकते म्हणून त्याने रविवारची काळी टोपी घातली होती. काळा कोट, काळी टोपी. दाढी तेवढी पांढरी, ती त्याने कॉलरमध्ये खोचली.

ओर्वा कॉफीचा कप घेऊन बाहेर आला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढला. आता, अ‍ॅटली मनात म्हणाला. ओर्वाने तोंडात बोटं घातली आणि वरचे सगळे दात, मग खालचे सगळे दात, बाहेर काढून रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले. हनुवटी वर केली. गाल आत गेले. आणि गळ्यात पाणी खळखळल्यासारखं, मध्ये चिरचिर, शेवटी टकटक, असं ते गाणं निघालं.

अ‍ॅटलीचा जबडा लोंबला. तेवढ्यात वरून तेच गाणं परत आलं. एक खरी पाकोळी, जांभळी, चकाकणारी, दोन घिरट्या घालून खाली आली. लाकडी पाखरांकडे तिने पाहिलं, मग अंगणात पाहिलं, आणि सगळ्यांत काळी, सगळ्यांत गप्प जागा निवडून अ‍ॅटलीच्या टोपीवर बसली.

ओर्वाने वळून पाहिलं.

"हयू नको," तो बोळक्या तोंडाने म्हणाला.

"हलत नाहीये," अ‍ॅटली ओठ न हलवता म्हणाला.

ओर्वा पावलापावलाने जवळ आला. अ‍ॅटलीच्या खिशातून लाकडी शेपूट डोकावत होतं. त्याने दोन्ही फाका बाहेर काढल्या. मग पाठ फिरवून दात बसवले, कारण पुढचं नीट बोलायचं होतं.

"ही माझी."

"हो."

"दोन झाल्या."

"यंत्र शोधत होतो."

"मला वाटलं तू चोरलीस. मी उद्या मोझला सांगणार होतो की माझा समेट नाही." ओर्वाने फाका एकमेकींना लावून पाहिल्या. "सापडलं यंत्र?"

"सापडलं. आत्ताच तोंडात घातलंस."

"नवीन दात आले आणि गाणं बसेना. दात काढून उभं राहिलेलं पोरांनी पाहिलं असतं, तर लग्नाकार्यात मला पुढे बसवून गायला लावलं असतं."

पाकोळी उडाली. कुंपणाजवळच्या चेरीचं हिरवं पान चोचीत घेऊन आली आणि ते टोपीच्या कडेवर ठेवलं. पाकोळ्या घरट्यात हिरवी पानं अंथरतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. आता अ‍ॅटली शिंकही दाबून उभा राहिला.

सलोमा रिकामी बादली घेऊन रस्ता ओलांडून आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या टोपीकडे पाहिलं.

"गाई हंबरतायत," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि हा इथे खोली भाड्याने देतोय."

"मला गुडघा टेकायचा आहे," अ‍ॅटली पुटपुटला. "पण डोक्यावर बिऱ्हाड आहे."

"उभ्यानेच माग," ओर्वा म्हणाला.

अ‍ॅटलीने उभ्यानेच माफी मागितली, आवाज इतका बारीक की पाकोळीलाच जास्त ऐकू गेली असेल. ओर्वा म्हणाला, फाका डिंकाने चिकटवून तुझ्या खांबावर बसव, जोडीला आणखी एक देतो. सकाळी आधी माझ्या अंगणात गातो, मग रस्ता ओलांडून तुझ्या. फक्त मी दात काढीन तेव्हा तू गोठ्यात तोंड घाल.

मग ते पाखरू टोपीवरून उठलं आणि ओर्वाच्या खांबावर, लाकडी पाकोळीच्या शेजारी जाऊन बसलं. अ‍ॅटली बघत राहिला. हेवा वाटला, नाही असं नाही.

रविवारी पुरुषांच्या काळ्या टोप्या बाकावर रचलेल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. एकीवर तेवढा पांढरा डाग होता, सलोमाने घासूनही न गेलेला. खिळ्या-मोझ रांगेतून विचारत विचारत अ‍ॅटलीपाशी आला.

"देवाशी आणि शेजाऱ्याशी समेट आहे?"

"आहे."

"आणि यंत्र?"

"आहे. पण भाकरी चावायचं आहे. त्याला परवानगी असावी."

मोझने डागाच्या टोपीकडे पाहिलं, ओर्वाकडे पाहिलं. ओर्वा हसू दाबत होता. ते काही दबलं नाही. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच साऱ्या मंडळीला त्याचे दात दिसले, वरचे आणि खालचे. मोझ पुढच्या माणसाकडे वळला.