आर्डिसबाईंचं ‘बरं चाललंय’

या, जरा जवळ सरकून बसा. एका खिडकीची गोष्ट सांगतो. नीट कान द्या, कारण आमच्या गावची माणसं हळू बोलतात आणि बोलतात त्याहून पुष्कळ पोटात ठेवतात.

टॅमरॅक फॉल्स हे आमचं गाव मिनेसोटाच्या उत्तरेला. गाडी असो, ट्रक असो की होडी, परवाना नवा करायचा तर आर्डिस क्वामीच्या खिडकीशी जायचं. पाटी सरकारची, शिक्का सरकारचा, पण कचेरी आर्डिसबाईंची स्वतःची. सरकार पगार देत नाही. एकेका कागदामागे थोडी फी खिडकीत राहते, तिच्यातून भाडं भागतं आणि लव्हॉनचा पगार होतो. ही लव्हॉन बाईंची मदतनीस. दोघी एकोणीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या.

महामारी आली आणि राज्याने खिडक्या बंद करायला लावल्या. लोक घरबसल्या संगणकावरून थेट राजधानीत पैसे भरू लागले. फी आटली, भाडं काही आटेना. एप्रिल संपता संपता बाईंना कळून चुकलं, की मदत मिळाली नाही तर मे महिन्यात कचेरीला कायमचं कुलूप लागणार. मग एका नंबरपट्टीसाठी गावाने साठ मैल जायचं.

कुणी विचारलं तर बाई काय सांगत? “बरं चाललंय. याहून वाईट असू शकलं असतं.” आमच्याकडे हेच सांगतात. गोठा जळाला तरी हेच, मालक गेला तरी हेच.

बंद दाराआड त्या दोघी टपालाने आलेले कागद उरकत. एके दिवशी बाईंनी एक कागद पुढे सरकवला. लव्हॉनने शिक्का उचलला आणि तिचा हात तसाच थांबला.

“ऑरिनची होडी? अगं, तू नवऱ्याची होडी विकलीस? दोन आठवड्यांवर मासेमारीचा हंगाम आलाय!”

“मला कुठे मासे आवडतात?”

“चाळीस वर्षं खातेस की!”

“त्याला आवडायचे म्हणून. मार शिक्का.”

त्या शुक्रवारी लव्हॉनच्या हातात पूर्ण पगार पडला. पैसे कुठून आले हे तिने विचारलं नाही. विचारायचं काय, शिक्का तिनेच मारला होता.

रविवारी चर्चच्या आवारात गाड्या लावून, काचा वर करून आम्ही प्रार्थनेला बसलो. पास्टर लिंडक्विस्ट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहिले. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं नि अर्धं गाणं. त्या दिवशी त्यांनी सूर लावला तो असा, की बाबांनो, देताना उघडणारा हात घेतानाही उघडू द्या, मिटल्या मुठीत देवालाही काही ठेवता येत नाही. काय सांगू, गाडीच्या रेडिओतून तो आवाज येत होता आणि माझे डोळे भरून आले. ‘आमेन’च्या जागी सगळ्यांनी भोंगे वाजवले. आर्डिसबाईंची गाडी तेवढी गप्प होती. बाई पुढच्या गाड्यांच्या नंबरपट्ट्या बघत होत्या. आमच्याकडे पट्टीवरच परवान्याच्या मुदतीची चिठ्ठी चिकटवलेली असते; निम्म्यांची मुदत उलटून गेलेली.

मंगळवारी विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होती, संगणकाच्या पडद्यावर. राज्यभरच्या खिडकीवाल्यांनी मदत मागितली होती. प्रत्येकाला दोन मिनिटं. लव्हॉनने बाईंना मोठ्या अक्षरात कागद लिहून दिला आणि स्वतः पडद्याला दिसणार नाही अशी बाजूला बसली. बाईंनी चर्चला जायचा ब्लाउज घातला होता.

आधी सहा जण बोलले. अध्यक्ष शहरातले, भला माणूस. प्रत्येकाला विचारायचे, “तुमच्याकडे कसं आहे?” आणि सहाच्या सहा म्हणाले, “बरं आहे. थोडी मदत झाली तर नको म्हणणार नाही.” अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली.

आर्डिसबाईंचा नंबर आला.

“क्वामीबाई, तुमच्याकडे कसं आहे?”

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या अनोळखी चेहऱ्यांकडे. “बरं चाललंय,” त्या म्हणाल्या. “याहून वाईट असू शकलं असतं.”

“ऐकून बरं वाटलं,” अध्यक्ष मनापासून म्हणाले. “तर मग पुढचे—”

आमच्या गावात दुसऱ्याच्या बोलण्यात कुणी तोंड घालत नाही. लहान पोरंसुद्धा नाही. लव्हॉनने खुर्ची सरकवली आणि बाईंच्या खांद्यावरून सरळ पडद्यात डोकं घातलं.

“साहेब, ही खोटं बोलतेय!”

“लव्हॉन!”

“तू गप्प बस गं! साहेब, हिने मेलेल्या नवऱ्याची होडी विकून मला पगार दिलाय. आता विकायला काही उरलं नाही. मे महिन्यात ही खिडकी बंद होतेय. आणि ते आधीचे सहा जण आहेत ना, त्यांचंही काही बरं नाही. आमच्याकडे ‘बरं चाललंय’ म्हणजे घर बुडालंय. विचारा त्यांना पुन्हा!”

बाईंचा चेहरा बिटासारखा लाल झालेला. मग पडद्यावरच्या एका चौकोनात एका म्हाताऱ्या खिडकीवाल्याने हात वर केला.

“अध्यक्षमहाराज,” तो खाकरला, “मला माझं उत्तर जरा दुरुस्त करायचंय.”

मग दुसरा हात वर आला, मग तिसरा. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला आणि पहिल्यापासून पुन्हा विचारायला सुरुवात केली.

मदत मिळाली, मागितली त्याहून कमी, पण कुलूप टळलं. बाई दोन दिवस लव्हॉनशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या पुढ्यात लिंबाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, “जास्त झाल्या होत्या.”

“कशा झाल्यात?”

“बऱ्या.”

खिडकी आजही उघडी आहे, पण गेल्या हिवाळ्यात लव्हॉन देवाघरी गेली, आणि टेबलाच्या पलीकडची तिची खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. तेव्हा एवढं करा. कुणी तुम्हाला ‘बरं चाललंय’ म्हणालं, तर पुन्हा एकदा विचारा, आणि विचारताना आमच्या लव्हॉनची आठवण ठेवा.